डोंबिवली फास्ट

डोंबिवली फास्ट : नैतिक पेचावर बेतलेला मराठी चित्रपट (२००५). निशिकांत कामत (१९७०–२०२०) यांचे पहिले दिग्दर्शन. संवाद संजय पवार. छायालेखन संजय जाधव. प्रमुख भूमिका संदीप कुलकर्णी, शिल्पा तुळसकर, संदेश जाधव. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार.

कथानक : माधव आपटे हा डोंबिवलीत राहणारा, मुंबईत बँकेत नोकरी करणारा पापभीरू गृहस्थ. उठणे, आवरणे, लोकल, बँक, पुन्हा लोकल हा त्याचा दिनक्रम आरंभीच तुटक दृश्यांतून इतक्या झपाट्याने येतो, की प्रेक्षकालाही धाप लागते. शाळाप्रवेशासाठी देणगी मागितली जाते. जमवून घ्या, असे घरातूनच सांगणे होते. छापील किमतीहून जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत होते आणि माधवच्या हातातली क्रिकेटची बॅट चालते. पुढे तो शहरभर अन्याय निपटत सुटतो व पोलिस त्याच्या मागावर लागतात.

पेच व उत्कंठा : या चित्रपटाचे खरे महत्त्व नैतिक पेचाच्या हाताळणीत आहे. तुलनेसाठी, असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ (२०११) या इराणी चित्रपटात मोलकरीण हरवलेल्या म्हाताऱ्याला शोधत रस्त्याच्या कडेला येते आणि दृश्य तिथेच तोडले जाते. पुढचा सगळा खटला त्या न दाखवलेल्या क्षणाभोवती फिरतो. कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची वेळ आली, की तीच मोलकरीण कचरते. आणि तोवर एकाची बाजू घेऊन बसलेला प्रेक्षक अडचणीत येतो. ‘डोंबिवली फास्ट’मध्ये कामत उलट काहीच लपवत नाहीत. पहिल्या फटक्याला प्रेक्षक मनातून टाळी देतो; मग ती कोणत्या फटक्याला थांबवायची, हा निवाडा त्याच्यावरच येऊन पडतो. माधवचा माग काढणारा इन्स्पेक्टरही याच कात्रीत सापडलेला आहे. सामान्य माणसाच्या स्फोटाकडे शांतपणे पाहणारा जफर पनाही यांचा ‘क्रिमसन गोल्ड’ (२००३) हा इराणी चित्रपट ‘डोंबिवली फास्ट’ला अधिक जवळचा.

‘फॉलिंग डाउन’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी असलेले साम्य उघड आहे. उसनवारी किती, याविषयी मतभिन्नता आढळते.

तमिळ आवृत्ती : ‘एवनो ओरुवन’ (२००७), दिग्दर्शक कामतच, नायक आर. माधवन.

उत्तरकाल : माहिती दडवून उत्कंठा वाढवण्याचे, येथे टाळलेले तंत्र कामत यांनी पुढे हिंदी ‘दृश्यम’मध्ये (२०१५) हाताळले. मूळ मल्याळम पटकथा जीतू जोसेफ यांची. तिथेही कुटुंब वाचवण्यासाठी खोटे बोलणारा बाप प्रेक्षकाला आपला वाटतो. मृतदेह कुठे आहे, हे मात्र शेवटी कळते.