संत्र्याचे झाड कसे पाहावे? एका जुन्या रीतीचा इतिहास



संत्र्याचे एक पान तोडून हातात घ्या. कोवळे नको, जून आणि गर्द हिरवे घ्या. देठ जिथे पानाला मिळतो तिथे एक सांधा दिसेल. पान वाळले की पुष्कळदा तिथूनच तुटते. आता देठाच्या दोन्ही बाजू नीट पाहा. तिथे पंखासारखी बारीक हिरवी किनार आहे. जवळपास पपनसाचे झाड असेल तर त्याचेही पान पाहा. तिथे ही किनार इतकी रुंद की देठ म्हणजे चक्क दुसरे छोटे पानच वाटते.

तुम्ही म्हणाल, नरखेडच्या माणसाला संत्र्याचे पान काय शिकवता? खरे आहे. पण पान पाहण्यात माझीच एकदा मोठी चूक झाली. ती पुढे सांगणार आहे. आधी या पानाची जुनी हकीकत ऐका.

देठाला पान व्हायचे असते, ही गोष्ट १७९० साली एका जर्मन माणसाने पुस्तकात लिहिली आणि उदाहरण म्हणून लिंबूवर्गाचे नाव घेतले. त्याचे नाव गटे. आपल्या कालिदासाचे शाकुंतल वाचून हरखून गेला तो कवी हाच. १७८६ च्या सप्टेंबर महिन्यात तो इटलीतल्या पादुआ गावच्या वनस्पतींच्या बागेत गेला होता. तिथे १५८५ साली लावलेले ताडाच्या कुळातले एक झाड होते, आजही ते उभे आहे. त्याची बुडाजवळची पाने साधी, भाल्याच्या पात्यासारखी. वर जावे तशी ती चिरत जातात आणि शेवटी पंख्यासारखी पसरतात. गटेने माळ्याला गळ घालून खालपासून वरपर्यंतची पाने क्रमाने कापून घेतली आणि पुठ्ठ्यात जपून घरी नेली. एखादे पान कुणीही पाहतो, याने पानांची रांग पाहिली.

त्या रांगेवरून त्याच्या मनाने जे घेतले ते असे. बीज फुटल्यावर निघालेले पहिले दल, फांदीवरचे पान, फुलाखालची हिरवी वाटी, पाकळी, पुंकेसर आणि फळाचा कप्पा ही सगळी एकाच अवयवाची रूपे आहेत. झाड तेच एक अंग कधी पसरते, कधी आवळते, आणि त्यातून पुढचे रूप निघते. संत्रा सोलून पाहा म्हणजे हे पटेल. आतली प्रत्येक फोड म्हणजे मिटून घेतलेले एक पान आहे, आणि फोडीतल्या रसाच्या पिशव्या त्या पानाच्या आतल्या अंगाला आलेले केस आहेत. अशी दहा-अकरा पाने गोल बसली की झाला संत्रा! पान उजेडात धरले तर तेलाचे ठिपके दिसतात, तेच ठिपके सालीवर आहेत. पान चुरगळा, वासही सालीच्या जवळचाच.

आता थोडे आपल्या धुऱ्यावर या. बेल, कवठ, कढीपत्ता आणि संत्रा हे एकाच कुळातले. बेलाला तीन पाने एका देठावर, हे शंकराला वाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कवठाच्या पानाच्या मधल्या दांड्याला संत्र्यासारखीच पंखाची किनार असते. संत्र्याच्या पानातला तो सांधा सांगतो की हेही मुळात अनेक पानांचेच पान, त्यातले एकच शिल्लक राहिले. चारही पाने शेजारी शेजारी मांडून पाहिली की हे नाते डोळ्यांनीच कळते, दुर्बिणीची गरज नाही.

गटेची रीत थोडक्यात ही. जिवंत वस्तू तुकडे करून नाव ठेवण्याआधी ती जशी दिसते तशी, पूर्ण, आणि वाढीच्या क्रमाने पाहायची. आज पाहायची, महिन्याने पाहायची, आणि मधले बदल डोळे मिटून मनात पुन्हा चालवून पाहायचे. कारण सांगण्याची घाई करायची नाही. त्याच्या काळी पुष्कळांनी ही कवीची लहर समजून सोडून दिली. पण १९९१ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी फुलाचे अवयव ठरवणारी जनुके ओळखली. ती बंद पडलेल्या झाडात फुलाच्या जागी पानांसारखेच अवयव आले. म्हणजे म्हाताऱ्याचे डोळे चुकले नव्हते. सगळेच त्याचे खरे ठरले असे मात्र नाही. प्रकाश आणि रंग या विषयात तो न्यूटनशी भांडला, आणि तिथे पदार्थविज्ञानाने न्यूटनचीच बाजू धरली.

गटे काही शेतकरी नव्हता. हीच नजर शेतात उतरलेली पाहायची तर आपल्याला बिहारातल्या पुशाला जावे लागते. तिथे १९०५ साली आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सरकारी नोकरीत आला. त्याने गटेपासून काही उचलले असे मी म्हणत नाही. पण त्याची खंत ऐकण्यासारखी आहे. आधी वेस्ट इंडीजमध्ये तो बुरशीतज्ज्ञ होता. उसाचे, कोकोचे रोग प्रयोगशाळेत बसून तपासायचे आणि सल्ला द्यायचा. स्वतःचे पीक नाही, तेव्हा तोच सल्ला आपल्या शेतात करून पाहायची सोय नाही. हे त्याला टोचत होते. पुशाला त्याने जमीन मागून घेतली, स्वतः पिके घेतली, स्वतःचे बैल ठेवले. हे बैल शेजारच्या लाळ-खुरकत झालेल्या जनावरांशी कुंपणावरून नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग लागला नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. कीड आणि बुरशी यांना तो आपले शेतीचे प्राध्यापक म्हणत असे. जिथे ती येतात तिथे आपले काहीतरी चुकले, असे त्यांचे शिकवणे. (यावरून उद्या कुणी लस टोचायची सोडू नका बरं का! बैलांची ही हकीकत एका माणसाच्या गोठ्यातली आहे.)

मला त्याचे सर्वात मोलाचे वाटते ते फळझाडांच्या मुळांचे काम. आंबा, पेरू, लिची, सीताफळ, कागदी लिंबू अशा आठ प्रकारच्या झाडांची मुळे त्याने पाण्याच्या बारीक धारेने माती धुऊन उघडी केली, आणि वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत पाहिली. त्याला दिसले ते असे. उन्हाळ्यात खोलवरची मुळे काम करतात. पाऊस लागला की वरच्या थरातली बारीक मुळे जोमाने फुटतात. पावसाळा भरात येऊन जमिनीतले पाणी वर चढले की खालच्या मुळांचा श्वास कोंडतो, आणि नवी मुळे हवेच्या शोधात वर वळतात. काही झाडांखाली त्याने मुद्दाम गवत वाढू दिले. ती झाडे खंगली. त्याच गवतात हवेसाठी चर काढले तिथे झाडे सावरली. १९२५ साली हे काम छापून आले. याच सुमारास, १९२४ साली, तो इंदूरला नव्या संस्थेत गेला. तिथे यशवंत वाड या रसायनतज्ज्ञ सहकाऱ्याबरोबर त्याने काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले. आपण ज्याला इंदूर पद्धतीचे कंपोस्ट म्हणतो ते हेच. हॉवर्डच्या पहिल्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, पुशाच्या पुष्कळ कामात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. त्यांचे नाव मात्र लोक विसरतात.

आता माझी चूक. जलालखेड्याकडचे एक शेतकरी बंधू एका पावसाळ्याअखेर संत्र्याची एक फांदी घेऊन आले. शेंड्याची पाने लहान, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मी पाहता क्षणी सांगितले, जस्ताची कमतरता, झिंक सल्फेटची फवारणी करा. पुस्तकात चित्र आहे तसेच पान होते. त्यांनी दोन फवारण्या केल्या. पुढच्या उन्हाळ्यात ते परत आले आणि म्हणाले, "भाऊ, फांद्या वरून वाळत चालल्या." तेव्हा कुठे मी बागेत गेलो. वरच्या अंगाची झाडे ठणठणीत. खालच्या अंगाला, जिथे काळी माती खोल आणि धुऱ्याचा बांध पाणी अडवतो, तिथली झाडे रोडावलेली. बुंध्यापाशी डिंक. फूटभर माती उकरली तर बारीक मुळांची साल हातात निसटून येत होती. जस्त जमिनीत होते हो, उचलणारी मुळेच कुजली होती! त्या पट्ट्यातली चाळीसेक झाडे पुढच्या दोन वर्षांत गेली. लेकरासारखी वाढवलेली झाडे तोडून सरपणाला लावताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी पाहिले आहे.

पान खोटे बोलत नव्हते. मी झाडाचे एक पान पाहिले, झाड पाहिले नाही आणि वावर तर नाहीच नाही. आपल्या भागातल्या संत्र्याच्या ऱ्हासाला एकच कारण नाही. फायटोप्थोरा बुरशी, सूत्रकृमी, विषाणू, खोडकिडा, निचरा न होणारी चुनखडीची जमीन, उन्हाळ्यात तुटणारे पाणी, यांतली दोन-तीन बहुधा एकत्र येतात. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी पट्ट्यात बागा वाळल्या. त्या पाण्यावाचून वाळल्या हे उघड होते. पण शेजारी शेजारी दोन बागांत एक वाळली आणि एक तगली, तिथे उत्तर मुळाशी आणि मातीत शोधावे लागते.

इथे हॉवर्डशी माझा थोडा मतभेद आहे. रोग अशक्त झाडालाच लागतो, हे त्याचे म्हणणे संत्र्यात पूर्ण खरे नाही. सायला नावाची बारीक कीड ग्रीनिंगचा जंतू घेऊन येते आणि चांगल्या पोसलेल्या झाडालाही धरते. तो जंतू डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते. नागपूरला १९८५ साली सुरू झालेली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, काटोलला अकोला विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तिथे जाताना मात्र नुसते पान नेऊ नका. पानाबरोबर बारीक मुळे, मुळाजवळची माती आणि बागेचा कच्चा नकाशा न्या. कोणती झाडे आधी बिघडली, कोणत्या महिन्यात, पाणी कुठून येते आणि कुठे थांबते, तेही लिहून न्या.

झाडाला त्याच्या स्वभावावर सोडा म्हणजे झाले, असेही कुणाला वाटेल. जपानातल्या मासानोबू फुकुओकांना तसेच वाटले होते. ते शिकलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ. नोकरी सोडून शिकोकू बेटावर घरी आले आणि वडिलांच्या संत्राबागेची छाटणी बंद केली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडी आल्या, झाडे वाळली. आधी छाटून वळण लावलेले झाड एकदम सोडून दिले तर ते स्वतःचा मूळ आकार विसरलेले असते, हे त्यांना ती बाग गमावून कळले, आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले. आपल्याकडे सल काढायची टाळाटाळ करणाऱ्यांनी ही हकीकत जरूर ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रात ही नजर शेतकऱ्याच्या हातात देण्याचे काम श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी केले. ते गणिताचे प्राध्यापक. १९६० नंतर त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, आणि तासगावच्या दुष्काळी भागातले द्राक्षबागायतदार वेलीवरची पाने मोजू लागले. एका घडाला किती पाने पोसतात, कोणते पान कमावते आणि कोणते नुसते खाते, हे जो तो आपल्या बागेत पाहून दुसऱ्याला कळवी. गटेला आकडेमोडीचा कंटाळा होता. दाभोळकरांनी आकडे आणि नजर दोन्ही जुळवली, आणि मला ती रीत जास्त कामाची वाटते.

जलालखेड्याकडच्या त्या बंधूंनी बांधाखालून चर काढला. नवी जंबेरी खुंटावरची कलमे उंच वरंब्यावर लावली. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे केले. खुंटावरून निघणारी फूट त्यांचा मुलगा काट्यावरून आणि चुरगळलेल्या पानाच्या वासावरून ओळखतो आणि हातानेच मोडतो. सात झाडांवर त्याने सुतळी बांधली आहे. दर अमावास्येला त्या सातांचे शेंडे, बुंधा आणि ओंजळभर मातीतली मुळे पाहून वहीत लिहितो. झाडांना आता पाचवे वर्ष आहे. यंदा आंबिया बहार चांगला फुटला. तो धरायचा, की फुले झाडून आणखी एक वर्ष झाडे वाढू द्यायची, यावर बाप-लेकात वाद चालू आहे.