छापखाना आणि शाळा

एक समाज संपन्न होतो, दुसरा मागे पडतो. याचे कारण पुष्कळदा लोकांच्या धर्मात किंवा स्वभावात शोधले जाते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

इस्तंबूलचे उदाहरण घ्या. स्पेनमधून हद्दपार झालेल्या यहुद्यांनी तेथे १४९३ साली हिब्रू ग्रंथ छापला. १५६७ साली आर्मेनियन छापखाना निघाला. परंतु अरबी लिपीत तुर्की ग्रंथ छापण्याची परवानगी इब्राहीम मुतफर्रिका यांना मिळाली ती १७२७ साली. तिला शेखुल-इस्लाम अब्दुल्ला एफेंदी यांचा अनुकूल फतवा होता, हे विसरता कामा नये. धार्मिक ग्रंथ वगळून कोश, इतिहास, भूगोल छापण्यास मुभा मिळाली आणि १७२९ साली एक शब्दकोश बाहेर पडला. तरीही १७४२ पर्यंत अवघे १७ ग्रंथ निघाले. मुतफर्रिकांच्या पश्चात छापखाना बहुतेक काळ बंदच राहिला. यंत्र होते, फतवा होता. पण वाचक थोडे होते, कारण सर्वसामान्यांसाठी पुरेशा शाळा नव्हत्या. १९२७ च्या जनगणनेतही तुर्कस्तानात शंभरात नव्वदांच्या आसपास माणसे निरक्षर आढळली.

आता जपानकडे पाहू. प्रत्येक मुलामुलीने प्राथमिक शाळेत जावे, असा कायदा तेथील सरकारने १८७२ साली केला. त्याने पालक आनंदले काय? नाही. शेतावरचे हात कमी झाले, वर फीही भरावयाची! काही ठिकाणी संतप्त शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. मुलींना तर पुष्कळजण घरीच ठेवीत. पण सरकारने चिकाटी सोडली नाही. १९०० साली प्राथमिक शाळांतील फी रद्द झाली आणि थोड्याच वर्षांत शंभरातील नव्वदांहून अधिक मुलेमुली पटावर आली. मुंबईचा कापूस नेणाऱ्या याच जपानने १९३० च्या सुमारास स्वस्त कापड आणून मुंबईच्या गिरण्यांना घाम फोडला. त्याची इतरही कारणे होती. परंतु लिहिता-वाचता येणारी पिढी हा जपानच्या उद्योगांचा मोठा आधार होता.

ज्यांनी शाळेला विरोध केला, त्यांच्याच नातवंडांना शाळा ही घरची रीत वाटू लागली. म्हणजे रीतीरिवाज काही दगडावरची रेघ नव्हे. चांगली संस्था पिढ्यान् पिढ्या टिकली, तर तीच नवी रीत घडविते.

पालकहो, संस्था इमारतीने टिकत नाही. कमावत्या वयाच्या मुलाला आणखी एक वर्ष शिकू देणाऱ्या बापामुळे आणि मुलीचे दप्तर खुंटीला टांगू न देणाऱ्या आईमुळे ती टिकते.