शिक्का आणि विचार

आमच्या हिंगोली भागांत १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. मी शिक्षक असतांना अशाच एका वर्षीं आदल्या दिवशीं वर्गांत विचारलें, "रझाकार म्हणजे कोण?" एका हुशार मुलानें तत्काळ उत्तर दिलें, "मुसलमान, गुरुजी!" कोणालाच तें खटकलें नाहीं. वर्गांतील दोघे मुसलमान विद्यार्थी मात्र खालीं पाहूं लागले. त्या उत्तरामागील इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

१९४८ सालीं हिंगोली हा निझामाच्या हैदराबाद संस्थानांतील परभणी जिल्ह्याचा भाग होता. त्याच्या दहा वर्षें आधीं, १९३८ मध्यें, संस्थानांत स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचें ठरलें. तिची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. परंतु संस्था जन्मास येण्यापूर्वींच, ७ सप्टेंबर रोजीं, सरकारनें ती बेकायदा ठरविली. कारण दिलें कीं ती 'जातीय' आहे! शिक्का एकदां मारला कीं मागणीस उत्तर देण्याचे श्रम वांचतात. ही बंदी १९४६ पर्यंत टिकली.

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ स्वयंसेवक. कासीम रझवी यांच्या संघटनेनें त्यास दहशतीचा अर्थ आणून दिला. भारतांत विलीन व्हावें असें म्हणेल तो द्रोही, हा तिच्या प्रचाराचा मंत्र होता. 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं हा मंत्र मानला नाहीं. स्वतः मुसलमान असून त्यांनीं विलीनीकरणाचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबाद शहरांत त्यांची हत्या झाली.

पुढें १३ ते १७ सप्टेंबर या पांच दिवसांत पोलीस कारवाई होऊन संस्थान मुक्त झालें. शिक्का मात्र मोडला नाहीं. तो दुसऱ्या हातांत गेला. रझाकारांचे अत्याचार खरे होते, ते विसरण्याचें कारण नाहीं. परंतु आतां ज्यानें कधीं शस्त्र हातीं धरलें नाहीं असा गरीब मुसलमानहि 'रझाकार' ठरूं लागला. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानें मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज केला. मुसलमान शेजाऱ्यांना वांचविणारे हिंदूहि होते, अशी नोंदहि त्या मंडळानें केली. या हिंदूंनीं शिक्का पाहिला नाहीं, शेजारी पाहिला.

त्या दिवशीं मीं वर्गांत शोएबुल्लांची हकीकत सांगितली आणि त्याच मुलास विचारलें, "आतां सांग, हे कोण?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, माझें मघाचें उत्तर चुकलें."

श्रोतेहो, एखाद्यास नांव ठेवण्यापूर्वीं त्यानें काय केलें, एवढें तरी आपण विचारूं या.