पक्वान्ने, पुण्यातील

पुणे शहरात सणासमारंभांत करण्यात येणारे गोड खाद्यपदार्थ. पुरणपोळी, श्रीखंड, मोदक, जिलबी, बासुंदी, लाडू, अनारसे व चिरोटे हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. त्यांच्या प्रसाराचा इतिहास साखरेच्या उपलब्धतेशी निगडित आहे.

गोडाची ओढ उपजत असते. मातेचे दूध गोड असते आणि नवजात अर्भकही गोड चवीस अनुकूल प्रतिसाद देते. निसर्गात गोडी ही सामान्यतः ऊर्जेची, तर कडूपणा पुष्कळदा विषाचा निदर्शक असतो. गोड चवीमुळे मेंदूतील डोपामीन या द्रव्याशी संबंधित सुखसंवेदनेची यंत्रणा चेतवली जाते. त्यामुळे भूक शमल्यावरही गोड खावेसे वाटते.

पूर्वी या ओढीवर किंमत व पंचांग यांची मर्यादा असे. संक्रांतीस तिळगूळ, होळीस पुरणपोळी, गणेशचतुर्थीस मोदक, दसऱ्यास श्रीखंड, दिवाळीस अनारसे असा क्रम ठरलेला होता. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणेसाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात मोठा ब्राह्मणसमुदाय जमे आणि वाड्यांतून पक्वान्नांच्या पंगती उठत. सामान्य कुटुंबांत मात्र सणही बहुधा गुळावरच साजरा होई. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची ‘मोरस’ साखर बाजारात रुळली. वंगभंगानंतरच्या (१९०५) स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पुकारण्यात आला.

मुठा व नीरा कालव्यांमुळे पुणे जिल्ह्यात ऊसलागवड वाढली होतीच. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले. विठ्ठलराव विखे पाटील व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभारलेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. त्या धर्तीवर पुढे राज्यात अनेक कारखाने निघाले. त्याच वर्षी पुण्यात ‘चितळे बंधू’ यांचे दुकान सुरू झाले. साखर सुलभ झाली, मिठाई विकत मिळू लागली आणि सणाचा पदार्थ बारमाही झाला.

या बदलाला आरोग्याची गंभीर बाजू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात तेथील अर्भके वजनाने कमी, पण तुलनेने अधिक मेद असलेली आढळली. अशी शरीररचना पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या धोक्याशी निगडित मानली जाते. अशा लोकसमूहास साखरेची मुबलकता अधिक बाधक ठरू शकते. मुक्त शर्करांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. पंचांगाने पूर्वी आपोआप घातलेली मर्यादा आता प्रत्येक कुटुंबास स्वतःच ठरवावी लागते.