रॅगचं कूळ आणि बोंडअळी

चोपडा-अमळनेरकडच्या कापूसवाल्याला हिरवी बोंडअळी शिकवावी लागत नाही. बोंडाला गोल भोक, डोकं आत, उरलेलं अंग बाहेर, भोकाशी ओली विष्ठा. हरभऱ्यात शिरली की तीच घाटेअळी. 2002 साली बीटी कपाशी आली ती मुख्यतः हिच्यासाठी. या अळीचं आणि रक्ताच्या एका कर्करोगाचं नातं आहे म्हटलं, तर कुणीही फवारणीच्या औषधाकडे बोट दाखवील. तो विषय वेगळा. मी म्हणतो ते नातं जनुकांचं आहे आणि पन्नास कोटी वर्षांहून जुनं आहे.

कर्करोग म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या तोंडी सीएलएल. बहुधा उतारवयातला आणि संथ. धुळ्या-जळगावच्या लॅबमध्ये तो पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीबीसीत सापडतो: लिम्फोसाइट वाढलेल्या, काचेवर फुटक्या पेशींचे डाग. पुढे प्रतिपिंडाच्या आयजीएचव्ही जनुकाची तपासणी होते, तिच्या रिपोर्टात एक टक्केवारी असते. रुग्णाच्या रोगट पेशीतलं हे जनुक जन्मजात मूळ जनुकाशी 98 टक्के किंवा जास्त जुळलं तर ‘अनम्युटेटेड’, त्याहून कमी जुळलं तर ‘म्युटेटेड’. घरचे लोक ‘म्युटेटेड’ वाचून हबकतात, पण चांगली बातमी तीच. अशांचा आजार सहसा सबुरीनं चालतो. हा फरक 1999 साली इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवला.

प्रतिपिंडाचं जनुक आपल्याला अखंड मिळत नाही. व्ही, डी, जे असे तुकडे मिळतात आणि प्रत्येक बी-पेशी त्यांतला एकेक निवडून सांधते. हे तोनेगावांनी 1976 साली दाखवलं, 1987 साली त्यांना नोबेल मिळालं. सीएलएलच्या सगळ्या पेशी एकाच बी-पेशीची पिलावळ, म्हणून सगळ्यांत सांधा एकच. तुकडे कापणारं एन्झाइम म्हणजे रॅग. त्याची दोन जनुकं, रॅग-1 आणि रॅग-2, 1989-90 मध्ये सापडली. (वर सांगितलेली टक्केवारी मात्र रॅगची करणी नव्हे, ती नंतर एआयडी नावाचं दुसरं एन्झाइम घडवतं.)

आता खरा प्रश्न: हे रॅग आलं कुठून? दोन्ही जनुकं गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली, आणि कापायच्या खुणा उड्या मारणाऱ्या जनुकांच्या टोकांसारख्या. तोनेगावांच्या गटाला 1979 सालीच संशय आला होता. 1998 साली परीक्षानळीत रॅगनं खरोखर उडी मारून दाखवली. तरी शंकेखोर म्हणत राहिले, नळीत काय वाटेल ते घडतं, जिवंत नातलग दाखवा. 2005 साली कापितोनोव आणि युर्का यांनी रॅग-1 चं नातं कीटकांच्या जनुकसंचांतल्या ‘ट्रान्सिब’ या उड्या मारणाऱ्या जनुकांच्या कुळाशी जोडून दाखवलं. 2012 साली त्यातलं एक प्रत्यक्ष काम करताना पकडलं गेलं. ते कुणाचं? हेलिकोव्हर्पा झी या पतंगाचं, म्हणजे आपल्या बोंडअळीच्या सख्ख्या चुलत बहिणीचं. आपली ती आर्मिजेरा. कृषी केंद्रात तिला ‘अमेरिकन बोंडअळी’ म्हणतात, पण ती मुळात जुन्या जगातली. अमेरिकन ती झीच.

रॅग आणि ट्रान्सिबचं साम्य वरवरचं नाही. खुणेची पहिली तीन अक्षरं दोघांची सी-ए-सी. डीएनएचा एक धागा कापायचा आणि त्याच्याच मोकळ्या टोकानं समोरचा धागा तोडून केसाच्या आकड्यासारखा बाक करायचा, ही दोघांची रीत. उडी मारल्यावर नव्या जागेची पाच अक्षरं दुप्पट होतात, तीही दोघांकडे. एवढं योगायोगानं जुळतं असं मला कुणी पटवून देऊ नये.

अडचण रॅग-2 ची. बोंडअळीकडे फक्त रॅग-1 सारखा भाग आहे आणि तो एकटा काम उरकतो. म्हणून कापितोनोव-युर्का म्हणाले, रॅग-1 ट्रान्सिबकडून आलं, रॅग-2 मागाहून दुसरीकडून. पण त्याआधारे रॅग-2 कणाधारी प्राण्यांपुरतं मानायची सोय नाही: 2006 साली समुद्री साळूत दोन्ही सापडली, तीही शेजारी, 2016 साली लॅन्सलेट या बोटभर सागरी जिवात दोन्ही जनुकं बाळगणारं, अजून उडी मारणारं ‘प्रोटोरॅग’ मिळालं. म्हणजे जोडी आपल्या मणक्यापेक्षा जुनी. माझा कौल असा: ट्रान्सिबचा पूर्वज एकटा होता, रॅग-2 त्याला वाटेत भेटलं आणि हा जोडघराचा फाटा आपल्या पूर्वजांच्या एका जनुकात घुसून त्याचे तुकडे करून बसला. कीटकांनी रॅग-2 गमावलं असंही म्हणता येईल, पण मग ते एकट्यानं इतकं सहज कसं निभावतात?

मोकाट असताना हे जनुक आपल्यालाच उद्ध्वस्त करून गेलं असतं. त्याला वेसण कशी बसली ते 2019 साली कळलं. उंदराच्या रॅग-1 मध्ये 848 व्या जागी मेथिओनिनऐवजी आर्जिनिन आलंय, आणि रॅग-2 ला एक आम्लधर्मी पट्टा फुटलाय. हे दोन्ही बदल उलटवले की रॅग पेशीत पुन्हा उड्या मारू लागतं.