परक्यांचा मुक्काम

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला रिआल्तो हे नाव परिचयाचे असते. त्या रिआल्तोच्या पुलालगत ‘फोंदाको देई तेदेस्की’ नावाची वास्तू आहे. तेराव्या शतकापासून ती जर्मन व्यापाऱ्यांसाठी राखलेली होती. त्यांनी तेथेच उतरावे, तेथेच माल ठेवावा, तेथेच सौदे करावेत, असा दंडक होता. १५०५ मध्ये ती जळाली, तेव्हा प्रजासत्ताकाने ती पुन्हा बांधून काढली. १६२१ मध्ये तुर्की व्यापाऱ्यांनाही अशीच स्वतंत्र वास्तू नेमून देण्यात आली. या व्यवस्थेचा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. १५१६ मध्ये ज्यूंना ‘गेत्तो’त कोंडणारी बुद्धी याच राज्यकर्त्यांची. परंतु वस्ती वेगळी आणि मुक्काम वेगळा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज नेमकी तीच रेषा पुसली गेली आहे. १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे १,७५,००० माणसे राहत. २०२२ मध्ये हा आकडा ५०,००० च्या खाली गेला. याचे सारे खापर एअरबीएनबीवर फोडणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुराने तळमजल्यावरची असंख्य घरे निकामी केली होती. मेस्त्रेला कोरडी, स्वस्त घरे होती आणि शेजारच्या मार्गेरात कारखाने. गळती जुनीच. एअरबीएनबीचे संकेतस्थळ सुरू झाले ते २००८ मध्ये. योगायोग असा की, त्याच वर्षी रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाने काचेत रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक लावला. ती ६०,००० च्या खाली उतरताच, नोव्हेंबर २००९ मध्ये, नागरिकांनी शहराची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढली. शवपेटी अर्थातच होडीतून नेली.

मग नवे काय घडले? पूर्वी एक कुटुंब गेले तर त्याच्या जागी दुसरे येण्याची आशा असे. आता पाहुण्यांकडून आठवड्याच्या हिशेबाने मिळणारी रक्कम वर्षभराच्या भाड्याला सहज मागे टाकते, आणि एकदा सुटलेले घर वस्तीत परतत नाही. रहिवासी घटले की वाणी जातो, सुतार जातो. त्यांच्या जागी मुखवटे विकणारा येतो. उरलेल्या म्हातारीला जिन्यात रोज नवी चाकांची बॅग भेटते, शेजारीण भेटत नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपण वर्गात सांगतो. या पाहुण्याच्या दोन्ही तिथी आगाऊ ठरलेल्या असतात; घरी नसतो तो यजमान. न्यूयॉर्कने २०२३ पासून महिन्याहून कमी मुक्कामासाठी यजमान त्याच घरात असण्याची सक्ती केली, ती आम्हाला म्हणूनच मर्मग्राही वाटते.

व्हेनिसला अशा भाड्यांवर मर्यादा घालण्याचा अधिकार इटलीच्या संसदेने २०२२ मध्ये दिला. नगरपालिकेने २०२४ मध्ये प्रवेशशुल्क सुरू केले, पण ते दिवसभरासाठी येणाऱ्यांवर. रात्री राहणाऱ्याला त्यातून सूट!

फोंदाकोत पुढे शहराचे टपाल कार्यालय होते. रहिवासी तेथे तिकिटांसाठी, निवृत्तिवेतनासाठी रांग लावीत. २०१६ मध्ये तेथे चैनीच्या वस्तूंचे भव्य दालन उघडले. २०२५ मध्ये तेही बंद झाले.