आजीचा होकार आणि हेडमास्तरांची सही

एक तक्रार आपण नेहमी ऐकतो. आदिवासी, खेड्यातली, गरीब माणसं आरोग्य संशोधनात भाग घेत नाहीत. मुलांना तर पुढे करतच नाहीत. लोक अडाणी आहेत, घाबरतात, असं म्हणून आपण विषय संपवतो. आज दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ साली नवजात बाळांचा अभ्यास सुरू केला. ३९ गावांत घरच्या घरी देखभाल आणि उपचार, आणखी ४७ गावं तुलनेला. तेव्हा तिथे जन्मलेल्या हजार बाळांपैकी साठाहून जास्त पहिल्या महिन्यातच दगावत होती.

आता विचार करा. घरात ओली बाळंतीण. कुणीतरी येऊन बाळाला झोळीत घालून तराजूला टांगणार, वहीत लिहिणार, गरज पडली तर इंजेक्शनही देणार. कुठली आजी हो म्हणेल? पण आज्या हो म्हणाल्या. कारण येणारी बाई गावातलीच होती, पाचवी ते दहावी शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली आरोग्यदूत. आणि आजारी बाळाला दवाखान्यात न्यायला बहुतेक घरं तयार नव्हती, म्हणून उपचारच घरी आला. संशोधकांचा प्रश्न आणि आईची काळजी एकच होती. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तुलनेच्या गावांत ५९.६. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हा अभ्यास आहे.

दुसरं प्रकरण २००९ सालचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना एका प्रकल्पात दिली गेली. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. अनेक संमतीपत्रांवर आईबापांची नव्हे, तर हेडमास्तरांची किंवा वॉर्डनची सही होती. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमतीतल्या त्रुटी उघड झाल्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असूनही विश्वास गेला तो गेलाच.

म्हणजे बघा, एकीकडे अनोळखी वाटावं असं काम घराने स्वीकारलं, दुसरीकडे घराला विचारलंच नाही.

मग अशा मुलांना संशोधनातून वगळायचं का? तेही बरोबर नाही. ज्यांचा अभ्यास होत नाही, त्यांच्यासाठी औषधं आणि योजना अंदाजाने ठरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात : पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी अनुमतीही हवी. म्हणजे मूलसुद्धा 'नको' म्हणू शकतं.

आपल्यापैकी कुणी उद्या अशा कामासाठी एखाद्या उंबऱ्यावर उभं राहिलं, तर 'हे लोक तयार का होत नाहीत' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी स्वतःला विचारू : आपण त्यांच्या कुठल्या काळजीचं उत्तर शोधायला आलो आहोत? आणि त्यांनी नाही म्हटलं, तर आपण खरंच परत फिरणार आहोत का?